ओला, सुका आणि उरलेलं: मुंबईतल्या घरच्या कचऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या कमिटीत कचऱ्याचं खातं कुणी मागून घेत नाही. आमच्याकडे ते माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे लिफ्टमध्ये, जिन्यात, वार्षिक सभेत आणि गणपतीच्या आरतीनंतर लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. आमची इमारत मुलुंड पूर्वेची, जुनी, आवारात जागा जेमतेम. उत्तरं मुंबईपुरती समजा. पुण्या-नाशकाला पद्धत वेगळी असते.

माझ्या घरचा कचरा शेवटी जातो कुठे?

मुंबईत रोज साधारण साडेसहा ते सात हजार टन कचरा निघतो. त्यातला बहुतेक कांजूरमार्गला जातो, थोडा भाग देवनारला जात आलाय. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. गोराईचं शास्त्रीय पद्धतीने बंद केलं, मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं. शेजारच्या हरिओम नगरच्या लोकांनी तोवर किती वर्षं खिडक्या लावून काढली, ते त्यांनाच विचारा. आता तोच वास विक्रोळी आणि कन्नमवार नगरच्या वाट्याला आलाय, आणि कांजूरची जागा संरक्षित वन आहे की नाही यावरून न्यायालयात वाद चालू आहे.

देवनारच्या डोंगरात अंदाजे १८५ लाख टन जुना कचरा साठलाय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अशा ढिगात ओला कचरा हवेशिवाय कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि शेजारी कागद-प्लास्टिक असतंच. ठिणगी पडायचा अवकाश. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कचऱ्याची नीट सोय होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका असं सांगितलं. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिथिल केली.

घरात नक्की किती डबे ठेवायचे?

रोजच्या वापराला दोन. एक ओल्याचा, झाकणाचा, छोटा. तो रोज रिकामा होतो. दुसरा सुक्याचा, मोठा. तो आठवड्यातून एकदा रिकामा केला तरी चालतो, कारण कोरड्या कचऱ्याला वास येत नाही. सुक्याच्या डब्याला वास येत असेल तर त्यात काहीतरी ओलं पडलंय.

याशिवाय दोन प्रकार वेगळे द्यायचे: सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि घातक (औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे). २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. केंद्राच्या २०२६ च्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (म्हणजे घातक). घातकसाठी वेगळा डबा लागत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर बुटाचं एक खोकं ठेवा, सहा महिने पुरतं.

मी सगळं वेगळं करून देतो, पण गाडीत एकत्रच टाकतात. मग मी कशाला मरू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. काही ठिकाणी एकत्र टाकतातच.

पण आधी आपल्याच इमारतीत बघा. पहाटे सफाई कामगार मजल्यामजल्यावरून डबे घेऊन खाली येतो तेव्हा त्याच्या हातात पिंप किती असतात? एकच असेल तर तुमच्या दोन डब्यांचं लग्न पहिल्या मजल्यावर पोचायच्या आतच लागतं. पालिकेला नावं ठेवण्याआधी कमिटीने दोन पिंपं घ्यावीत. ओल्या कचऱ्याची कॉम्पॅक्टर गाडी वेगळी असते आणि सुका न्यायला वेगळं वाहन येतं. ते सुका कचरा वॉर्डातल्या वर्गीकरण केंद्रात नेतं. तुमच्याकडे ते येत नसेल तर वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा खात्याला सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून वेळ आणि वार मागा. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही.

दुसरं असं, की सुका कचरा गाडीत गेलाच पाहिजे असं कुठे आहे? मुंबईत भंगारवाला, रद्दीवाला, कचरा वेचणाऱ्या बाया, गाळ्यातले वर्गीकरणवाले, धारावीतले प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करणारे अशी अख्खी साखळी आहे आणि ती पालिकेच्या कितीतरी आधीपासून चालते आहे. तिला फक्त माल कोरडा हवा असतो. पुठ्ठ्यावर कालचं वरण सांडलं की त्याचा भाव गेला. तो मग कुणी उचलत नाही, आणि जातो कांजूरला. तुम्ही घरात जे वेगळं करता त्याचा उपयोग मुख्यतः इथे होतो. गाडी नंतर काय करते हा पुढचा मुद्दा.

आमच्याकडे सुका कचरा सफाई कामगाराला दिलेला आहे. तो विकून येणारे पैसे त्याचे. तेव्हापासून कुणी सुक्यात चहाचा चोथा टाकला तर मला सांगावंच लागत नाही. तोच त्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो.

हे ओलं की सुकं? (रोजची भांडणं)

टिश्यू पेपर आणि वापरलेले कागदी रुमाल: ओल्यात. अंड्याची टरफलं: ओल्यात. नारळाची शेंडी आणि करवंटी: नियमाने ओल्यात, पण घरच्या खताच्या डब्यात टाकू नका, वर्षभर तशीच राहते. पिझ्झाचं खोकं: तेलकट तळ फाडून ओल्यात, कोरडं झाकण सुक्यात. कागदी कप: आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ना धड कागद ना धड प्लास्टिक, विसळून सुक्यात टाका, फार आशा ठेवू नका. दुकानाची गुळगुळीत बिलं, एटीएमच्या पावत्या: त्या कागदावर रसायन असतं, रद्दीत घालू नका. केस, नखं, केरसुणीने काढलेली धूळ: झाडलोटीचा कचरा सुक्यातच जातो, पण कागदात गुंडाळून. चहाची पिशवी: दोरा आणि पिन काढून ओल्यात; पिशवी नायलॉनची असेल तर फक्त पत्ती.

फुटलेली काच वर्तमानपत्राच्या जाड घड्यांत गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा आणि मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. पिशवी उचलणाऱ्याच्या हातात मोजे असतीलच असं नाही.

डबे-पिशव्या धुवायच्या? मग पाणी वाया नाही का जात?

नळाखाली खळखळून धुवायच्या नाहीत. भांडी घासून झाली की शेवटच्या पाण्यात एकदा बुडवायच्या, झटकायच्या, आणि खिडकीच्या ग्रिलला चिमट्याने लावायच्या. एवढं पुरे. आपल्याला दही-श्रीखंडाचा डबा जेवणापुरता स्वच्छ करायचा नाहीये. त्याला मुंग्या, झुरळं आणि बुरशी लागू नये एवढंच बघायचंय. पावसाळ्यात वाळत नाहीत ही तक्रार खरी आहे. जुलैमध्ये फ्रिजच्या मागे किंवा पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा.

प्लास्टिकचा खरंच पुनर्वापर होतो, की नुसतं म्हणायचं?

काहींचा होतो, काहींचा मुळीच नाही.

होतो तो कसा, ते धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये बघायला मिळतं. गोण्या ओततात, आणि बसकणीवर बसलेल्या बाया हाताने माल निवडतात. पाण्याच्या बाटलीचंच घ्या. बाटली एका प्लास्टिकची, झाकण दुसऱ्या, वरचं लेबल तिसऱ्या. झाकण फिरवून एका ढिगात, लेबल ब्लेडने चिरून दुसऱ्यात, आणि झाकण उघडल्यावर मानेला राहणारी ती बारीक कडी? तीसुद्धा सुरीने उडवतात. पारदर्शक बाटल्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या, कारण रंग मिसळला की भाव पडतो. घट्ट प्लास्टिक ओळखता आलं नाही तर तुकडा मोडून आवाज ऐकतात, नाहीतर पेटवून वास घेतात. मग मशीनमध्ये चुरा, धुणं, पत्र्यावर वाळवणं, वितळवून शेवयांसारख्या तारा काढणं, आणि त्या तारा कापून दाणा. तो दाणा कारखान्यात जातो आणि बादली, हँगर, खुर्ची, पाइप होऊन परत येतो. पाण्याच्या बाटल्यांचा बराच माल धाग्याकडे जातो: उशीतला भरावा, पॉलिएस्टरचं कापड.

बाटलीची पुन्हा बाटली होणं अजून कमीच. बहुतेक वेळा दर फेरीला माल एक पायरी खाली उतरतो. म्हणून ‘रिसायकल होतंच, मग घ्या अजून’ हा हिशेब बरोबर नाही.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्यांचा अर्थ काय?

१ म्हणजे पेट: पाणी आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे कडक दुधी प्लास्टिक: शाम्पू, फिनेल, डिटर्जंटचे कॅन. ४ मऊ पिशव्या, दुधाच्या पिशव्यांसह. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन: पार्सलचे डबे, बाटल्यांची बरीचशी झाकणं. हे चारही भंगारात चालतात. ३ पीव्हीसी, ६ थर्माकोल आणि त्याची भावंडं, ७ म्हणजे बाकी सगळं. यांना घराघरातून घेणारं गिऱ्हाईक जवळपास नाही. त्रिकोण छापला म्हणजे ती वस्तू रिसायकल होणारच, असं मात्र नाही. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो.

चिप्सची पाकिटं, बिस्किटांचे रॅपर, शाम्पूचे सॅशे?

यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. भंगारवाला हात लावत नाही. कोरडे करून सुक्यात द्या. नशीब चांगलं असेल तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. खरा उपाय खरेदीच्या वेळचा. दहा सॅशेंऐवजी एक बाटली, आणि फरसाण कोपऱ्यावरच्या दुकानातून घरच्या डब्यात. बरणी वजन करून शून्यावर आणून द्यायला आमचा फरसाणवाला एका शब्दाने कुरकुरत नाही.

दुधाच्या पिशवीचं काय करू?

हिला चांगला भाव आहे, म्हणून वेगळी साठवा. कात्रीने कोपरा पूर्ण तोडू नका. चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. सुटा झालेला तो तिकोनी तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात जातो. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाला सातशेच्या वर तुकडे झाले. पिशवी उलटी करून विसळा, सुकवा, शंभर-दीडशे झाल्या की रद्दीवाल्याला द्या. राज्याने २०१८ मध्ये दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत देण्याची योजना जाहीर केली होती. ते पन्नास पैसे कुणाला मिळालेले मी तरी ऐकलं नाही.

वन-बीएचकेमध्ये खत करता येतं? वास, किडे, शेजाऱ्यांची भांडणं…

येतं. वास येतो तो चुकल्यामुळे, आणि चूक जवळपास नेहमी एकच असते: ओलं जास्त, कोरडं कमी.

बाजारातला महागडा सेट नसला तरी चालतो. झाकणाची वीस लिटरची बादली घ्या, बाजूंना आणि तळाला तापलेल्या सळीने भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी बोटभर कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा) किंवा सुका पालापाचोळा. त्यावर दिवसभराचा ओला कचरा, बारीक चिरलेला. त्यावर तेवढंच कोरडं: कोकोपीट, सुकी पानं, फाडलेलं वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचे तुकडे. अंड्यांचे कागदी ट्रे या कामाला फार चांगले. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा कुणाकडचं तयार खत मूठभर टाका, जिवाणू त्यातून मिळतात. दोन-तीन दिवसांनी काठीने वरखाली करा.

मूठभर घेऊन दाबून बघा. पाणी टपकलं तर कोरडं वाढवा. भुगा सुटला तर पाण्याचा हबका मारा. पिळलेल्या फडक्याइतकं ओलसर हवं. हात लावून बघाल तर आत कोमट लागतं, म्हणजे काम चालू आहे.

पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या की लोक बादली उचलून मला दाखवायला आणतात. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, आजार आणत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. बघवत नसेल तर वरून कोरड्याचा जाड थर द्या आणि झाकणाला जाळी लावा. चिलटांवर सुका कडुलिंबाचा पाला चालतो.

घालायचं नाही: हाडं, मासे, तेलकट भाजी, पातळ आमटी, आंब्याची कोय, करवंटी. लिंबू-संत्र्याची सालं थोडीच. मे महिन्यात कोयी आणि सालींचा जो ढीग पडतो तो एका बादलीला झेपत नाही; तेवढे दिवस निम्मं सोसायटीच्या ओल्यात द्या, कमीपणा मानू नका.

दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत होतं. दोन बाद्या असल्या की एक भरते तोवर दुसरी तयार होते. पावसाळ्यात बादली ग्रिलमध्ये उघड्यावर ठेवू नका. आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तिचं पाणी ठिबकणार नाही एवढं बघा. खताची भांडणं निम्मी यावरूनच होतात.

मासळीचा कचरा? रविवारी डबा उघडवत नाही.

कोळंबीची सालं, खवली, आतडी, बांगड्याची डोकी जमतील तेवढी बाजारातच काढून घ्या. कोळणीला सांगितलं तर ती करून देते. घरी उरलेलं एका जुन्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरेवाला येतो त्या वेळी ओल्यात ओता. फ्रीजरमध्ये कचरा ही कल्पना सुरुवातीला घरात कुणालाच आवडत नाही. एका पावसाळ्यानंतर आवडते. तिसऱ्यांचे शिंपले कुजत नाहीत. धुऊन, कुटून कुंडीच्या तळाशी घालता येतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कसे द्यायचे?

वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर लाल पेनाने ठिपका काढून. पुढे वर्गीकरण करणाऱ्या बाईला ती पुडी उघडून बघावी लागू नये, यासाठी हा ठिपका. प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत गाठ मारून दिलं तर आत काय आहे हे कळायला तिला ती फाडावी लागते. संडासात टाकून फ्लश करणाऱ्यांनी तुंबलेल्या ड्रेनेजचं बिल स्वतः भरावं, असा ठराव आमच्या सभेत मांडला होता. तो फक्त एका मताने पडला.

महापालिकेने २०२५ मध्ये या कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सेवा सुरू केली. सोसायट्या, वसतिगृहं, ब्यूटी पार्लर यांना तिच्यात नोंदणी करता येते. वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. कमी करायचं असेल तर मेन्स्ट्रुअल कप आणि कापडी पॅड आहेत. बाळाला घरात असताना लंगोट आणि बाहेर जाताना डायपर, हा आपल्या आज्यांना पटणारा मार्ग आहे.

मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या, ट्यूब, जुना मोबाइल?

औषधं बेसिनमध्ये ओतू नका. विशेष काळजीच्या कचऱ्यात, पाकिटासकट द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर लिहून द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटली तर खिडकी उघडा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, कागदाच्या पुठ्ठ्याने गोळा करा. एलईडीत पारा नसतो, पण तो इलेक्ट्रॉनिक कचरा.

मोबाइल, चार्जर, पॉवर बँक भंगारात देऊ नका. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून बदलले आणि उत्पादक कंपन्यांवर ठरावीक कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्यांकडून करून घेण्याची जबाबदारी आली, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांची दुकानं जुनं सामान घेतात. भंगाराच्या गल्लीत वायर पेटवून तांबं काढतात आणि तो धूर तिथलीच पोरं ओढतात. फुगलेली लिथियम बॅटरी तर कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. देण्याआधी फोनमधले फोटो, बँकेचं ॲप पुसा, आणि सिम काढा. सिम काढायला लोक हमखास विसरतात.

जुने कपडे?

बोहारीण अजून येते. काही भागांत कमी झाली असेल, पण आमच्याकडे दुपारच्या वेळी हाक ऐकू येते. दोन साड्या आणि तीन पँटींवर पातेलं की परात यावर जी घासाघीस चालते, ती ऐकण्यासारखी असते. पुढे ते कपडे दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री होऊन विकले जातात. म्हणजे हा शुद्ध पुनर्वापर. धड कपडे गूंजसारख्या संस्थाही घेतात. फाटका सुती कपडा पुसायला ठेवा. फाटकी अंतर्वस्त्रं दानात देऊ नका, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

निर्माल्य आणि गणपतीची सजावट?

फुलं, दूर्वा, पत्री निर्माल्य कलशात. पालिका त्याचं खत करते. त्याआधी हारातला दोरा, जरी, प्लास्टिकची फुलं, अगरबत्तीचं पाकीट काढा. घरचं निर्माल्य खताच्या बादलीतही उत्तम जातं. देवाचं फूल तुळशीच्या कुंडीत गेलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठ्याचं किंवा लाकडी घडीचं मखर एकदा केलं की माळ्यावर ठेवून दरवर्षी काढता येतं. मूर्ती शाडूची, लहान, आणि विसर्जन बादलीत. उरलेली माती पुढच्या वर्षी कुंडीला.

बंदी असूनही भाजीवाला पिशवी देतोच. मी काय करणार?

‘नको’ म्हणणार. महाराष्ट्रात पिशवीबंदी २३ जून २०१८ पासून अंमलात आहे, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. देशभरातली एकदाच वापरायच्या प्लास्टिकची बंदी १ जुलै २०२२ ची. तरी पिशव्या मिळतात, कारण गिऱ्हाईक पिशवी नसेल तर पुढच्या गाडीवर जातं असं भाजीवाल्याला वाटतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांमधून काय निघालं ते या शहराने पाहिलंय.

रंगीत, कापडासारखी दिसणारी, दुकानाचं नाव छापलेली पिशवी कापडी नसते. ती पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच; वर्षभराने उन्हात तिचा भुगा होतो. आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी घरच्या बादलीत कुजेलच असं नाही, तिला मोठ्या खतप्रकल्पाची उष्णता लागते. ती इतर प्लास्टिकमध्येही मिसळू नका, दाणा खराब होतो. जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवून एक दाराच्या हुकाला आणि एक ऑफिसच्या बॅगेत ठेवा. घरात साठलेल्या चाळीस नव्या कोऱ्या कापडी पिशव्यांचा उपयोग नाही, त्याही कुणीतरी कापूस पिकवून, पाणी घालून केलेल्या असतात.

मुळात कचरा कमी कशाने होतो?

बाहेरून मागवणं कमी केल्याने. एका बिर्याणीबरोबर किती डबे, वाट्या, चमचे, सॉसच्या पुड्या येतात, एकदा ओट्यावर मांडून बघा. ॲपमध्ये ‘चमचे नको’ हा पर्याय असतो, तो दाबा. दहा मिनिटांत येणाऱ्या सामानाची सहा पुडकी करण्यापेक्षा वाण्याकडे आठवड्याची यादी द्या. इडलीचं पीठ आणायला डबा न्या. पाण्याची बाटली घरून न्या.

आणि शिजवलेलं अन्न टाकू नका. शिळ्या भाताचा फोडणीचा भात, पोळ्यांचा कुस्करा, फ्लॉवरच्या देठांची भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी हे कुणी ‘झिरो वेस्ट’ म्हणून आणलेलं नाही, आपल्या स्वयंपाकघरात होतंच. सोसायटीच्या हळदीकुंकवाला किंवा पूजेला थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी केटररकडून स्टीलची ताटं भाड्याने मिळतात. घासायला माणूस लावा, तोही खर्च फार नाही.

आमच्या मोठ्या सोसायटीला खतप्रकल्प सक्तीचा आहे का?

वीस हजार चौरस मीटरहून मोठं आवार, किंवा रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा असेल तर ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं पालिकेने २०१७ मध्ये सांगितलं. मुदत २ ऑक्टोबर २०१७ होती. शंभर किलो ऐकायला प्रचंड वाटतं, पण माणशी अर्धा किलो धरला तर दोनशे माणसांचा टॉवर तिथे पोचतो.

मशीन घेण्याआधी ते चालवणार कोण हे ठरवा. अनेक टॉवरांत लाखोंचं मशीन उद्‌घाटनाच्या फोटोनंतर बंद आहे, कारण विजेचं बिल आणि माणसाचा पगार कुणी बजेटमध्ये धरलाच नव्हता. विटांचे साधे खड्डे किंवा जाळीचे पिंजरे आणि एक पगारी माणूस, एवढ्यावर बऱ्याच सोसायट्यांचं काम नीट चालतं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून कचरा वेचणाऱ्या बायकांना यासाठी तयार केलंय. त्या ‘परिसर भगिनी’ म्हणून सोसायट्यांचे प्रकल्प सांभाळतात. वासावरून कुठे बिघडलंय ते त्यांना इंजिनिअरच्या आधी कळतं.

रद्दीवाला काट्यात मारतो. दुसरीकडे द्यावं का?

मारतो, थोडं. घरचा वजनकाटा बाहेर आणलात की कमी मारतो. वर्तमानपत्र, पुठ्ठा, वह्या वेगळ्या बांधा, भाव वेगळे मिळतात. पुठ्ठा पुढे वापीच्या कागद गिरण्यांकडे जातो, तिथे तो भिजवून पुन्हा पुठ्ठा होतो.

घरात तोडफोड केली. लाद्या आणि विटांचं काय?

डेब्रिज कचऱ्याच्या पिंपात नाही, नाल्याकाठी नाही, खाडीत तर नाहीच. पालिकेची डेब्रिज उचलण्याची वेगळी सेवा आहे. वॉर्ड ऑफिसला कळवा आणि पावती घ्या. ठेकेदार ‘मी बघतो’ म्हणाला तर तो कुठे बघतो हे विचारा. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला रात्रीतून उगवणारे ढीग अशाच ‘मी बघतो’मधले असतात.

शेजारी वेगळं करतच नाहीत. दंड लावावा का?

आधी दंड लावला की लोक पिशवी जिन्यात ठेवून जातात. आमच्याकडे एवढंच केलं: मिसळलेला डबा कामगाराने उचलायचा नाही, दाराशी तसाच ठेवायचा, आणि कमिटीने त्याच्या पाठीशी उभं राहायचं. शेवटचं महत्त्वाचं, नाहीतर शिव्या त्याला एकट्याला खाव्या लागतात. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी डबा वेगळा आला. कामगाराला रबरी मोजे, गमबूट आणि पावसाळ्याआधी रेनकोट सोसायटीच्या खर्चातून द्या. बिलात ‘किरकोळ’मध्ये बसतं.

गाडी आलीच नाही, किंवा कोपऱ्यावर कचरा साठलाय. तक्रार कुठे?

पालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, फोटोवर तारीख असू द्या, आणि दोन दिवसांत काही झालं नाही तर तोच क्रमांक घेऊन वॉर्ड ऑफिसात घनकचऱ्याच्या सहायक अभियंत्याकडे जा. सकाळी अकराच्या आधी गेलात तर भेटण्याची शक्यता जास्त. नंतर ते फिरतीवर असतात.